खुंटीवरची कॅरीबॅग

कुणाच्याही घरी गेले की आधी मी तांब्यातलं पाणी पिते, लेकरांची चौकशी करते आणि मग म्हणते, "कॅरीबॅग काढा."

कोणती, असं आजवर एकीनंही विचारलेलं नाही. कुणाची खुंटीला टांगलेली असते, कुणाची देवघरामागं, कुणाची लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली. एखाद्या कापड दुकानाचं नाव पुसट झालेली, गच्च फुगलेली. आत दोन पासबुकं, त्यातलं एक भरून संपलेलं. आधारच्या सात-आठ झेरॉक्स, हप्त्याचं कार्ड, सातबारा, कापसाच्या काट्याची पावती, कृषी केंद्राचं उधारीचं बिल, विम्याची कधीची तरी पावती, लेकराचा टीसी, दवाखान्याची फाइल आणि हटकून एखादी लग्नपत्रिका. अख्खं घर त्या पिशवीत असतं. फक्त तिच्यात काय आहे हे घराला माहीत नसतं.

मी 'उमेद'च्या बचत गटांसाठी आर्थिक साक्षरतेची सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणून काम करते. उमेद म्हणजे 2011 साली सुरू झालेलं महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. पुण्या-मुंबईत अशा कामाला हल्ली पर्सनल फायनान्स कोच म्हणतात आणि ते तासाप्रमाणे फी घेतात, असं भाच्याकडून कळलं. कुंभार पिंपळगावात मला "हिशेबाच्या ताई" म्हणतात. एक आजी "कागदवाली" म्हणते. मला तेच नाव जास्त बरोबर वाटतं.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातलं. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार इथं भरतो. कापूस, सोयाबीन, तूर, पैठणच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस, आणि जिल्ह्याची ती नावाजलेली मोसंबी. त्यामुळं गावात पैसा येतो, अगदी भरपूर येतो, आणि तो येतो त्या दिवसांत रस्त्याला मोटारसायकलींची गर्दी मावत नाही. पैसे देणारेही काही कमी नाहीत. बँक आहे, पतसंस्था आहे, हप्त्याच्या कंपन्या आहेत, आडत दुकानदार उचल देतो, कृषी केंद्र खत-बियाणं उधार देतं, मुकादम देतो, भिशी आहे, आणि संध्याकाळी पारावर बसणारा, कुठल्याच पाटीवर नाव नसलेला माणूस आहे. सल्ला देणारे तर याच्याही दुप्पट. पण कागद मांडीवर घेऊन तुमच्याशेजारी तासभर बसणारं माणूस मी स्वतः वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं जानेवारी 2017 मध्ये. नोटाबंदीला दोन महिने झाले होते आणि बँकेत अजून गर्दी होती. आर्थिक साक्षरता केंद्राचा कार्यक्रम म्हणून आमच्या गटाच्या बैठकीला एक सर आले. बँकेतून निवृत्त झालेले, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी भाषण केलं ते मला आठवतसुद्धा नाही. बैठक संपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "सर, कर्ज मिळंल का?" ते म्हणाले, "मिळेल की. पण आधी सध्याचं सांगा."

सध्याचं असं होतं. 2014 च्या दुष्काळात आम्ही बोअर मारला. पाणी लागलं नाही. त्यासाठी गावातल्याच एकाकडून 50,000 घेतले होते, शेकडा तीननं. शिवाय हप्त्याच्या कंपनीचे 30,000, त्याचे आठवड्याला 650. हे सांगताना मला वाटलं होतं की सर चुकचुक करतील. ते काहीच बोलले नाहीत. खिशातून एक छोटी डायरी काढून दिली आणि म्हणाले, "महिनाभर लिहा. काटकसर करू नका, नेहमीसारखंच वागा. फक्त लिहा."

खरं सांगते, मला राग आला. कर्ज मागायला गेले आणि वही हातात पडली. पण माणूस पुढच्या महिन्यात परत येणार होता, म्हणून लिहिलं.

सर परत आले. त्यांनी डायरी वाचली आणि मी ज्या पानांची वाट बघत होते, म्हणजे आमच्या ह्यांचं पेट्रोल, तंबाखू, लग्नसराईतले आहेर, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ते थांबले शिलाईच्या पानावर. "ताई, पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं की शिलाईचे थोडेफार येतात. हे बघा." त्यांनी बेरीज केली. 41 ब्लाउज, 80 रुपयांप्रमाणे 3,280. फॉल-पिकोचे 220. एकूण 3,500.

मी तो आकडा दोनदा बघितला. लग्न झाल्यापासून मी मशीन चालवत होते आणि माझ्या कमाईला कधी आकडाच नव्हता. ते पैसे शंभर-दोनशे करून तेला-मिठात, लेकीच्या वह्यांत, पाहुण्यांच्या चहात जात होते, आणि घरात सगळे म्हणत, मीही म्हणत होते, की घर शेतीवर चालतं. त्या महिन्यात शेतीतून एक रुपया आला नव्हता.

मग त्यांनी दुसरी बेरीज केली. शेकडा तीन म्हणजे महिन्याला 1,500. 2014 च्या दिवाळीपासून जानेवारीपर्यंत 26 महिने. 39,000 रुपये देऊन झाले होते आणि मुद्दल होतं तितकंच, 50,000. "तीन टक्के" म्हटलं की कानाला थोडं वाटतं. बँक नऊ टक्के म्हणते तेव्हा ती महाग वाटते. बँक वर्षाचं बोलते आणि सावकार महिन्याचं, हे मला बी.ए. होऊनही कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं व्याज शेकड्यावर आणि महिन्यावरच बोलतात, ती जुनी रीत आहे. छत्तीस टक्के हा शब्द कुणी उच्चारतच नाही. 2014 साली राज्यात सावकारीचा नवा कायदा आला, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यानंसुद्धा शेतकऱ्याकडून विनातारण कर्जाला वर्षाला बारा टक्क्यांच्या वर व्याज घ्यायचं नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

सरांनी मग एकच प्रश्न विचारला. "घरात सोनं आहे का?"

होतं. आईनं दिलेली तीन तोळ्यांची एकदाणी, ट्रंकेत, मऊ कापडात. मी म्हटलं, "ती मोडायची न्हाई. लेकीच्या लग्नाची हाय."

"लेक कितवीत?"

"चौथीत."

सर हसले नाहीत. म्हणाले, "मोडू नका. बँकेत ठेवा. ट्रंकेपेक्षा तिजोरी बरी. शेतीसाठीच्या सोनेतारणावर 50,000 उचला, सावकाराचं मुद्दल तोंडावर मारा. वर्षाला 18,000 जातात तिथं 4,500 जातील. कापूस आला की सोडवून आणा." इतकंच. मला ते सुचलं नसतं का? हिशेब तर पाचवीतल्या पोराला येईल असा. पण सोनं म्हणजे लग्न, सावकार म्हणजे अडीअडचण, बँक म्हणजे पीककर्ज, अशा तीन वेगळ्या खोल्या होत्या डोक्यात आणि त्यांच्यामधली दारं बंद होती. घरातलं माणूस ती उघडू शकत नाही. नवरा म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, याचा माझ्या माहेरच्या सोन्यावर डोळा आहे. भाऊ म्हणाला असता तर सासरी भांडण झालं असतं. कुणाच्याच बाजूचा नसलेला, त्यात ज्याला काहीच मिळणार नाही असा माणूसच ते बोलू शकत होता.

सर एकूण चार वेळा आले. मार्च 2018 मध्ये एकदाणी घरी आली. त्यानंतर वर्षभरानं गटाच्या ग्रामसंघानं सीआरपीसाठी नावं मागितली तेव्हा मी हात वर केला.

प्रशिक्षणात आम्हाला पन्नास-तीस-वीसचा नियम शिकवला. महिन्याच्या मिळकतीतले पन्नास टक्के गरजेला, तीस हौसेला, वीस बचतीला. आम्ही पंधरा जणी एकमेकींकडं बघत होतो. शेवटी एकीनं विचारलंच, "मॅडम, महिन्याची मिळकत म्हंजी कोणत्या महिन्याची?" तो नियम पगारदाराचा आहे. आमच्याकडं कापूस दसऱ्यानंतर, तूर संक्रांतीच्या पुढं, मोसंबी बहार असेल तशी, उसाचं बिल गाळप झाल्यावर. कायद्यात चौदा दिवसांत बिल द्यायचं लिहिलं आहे, पण तेवढ्यावर विसंबून कुणी लेकराची फी ठरवत नाही. खर्च मात्र रोजचा.

म्हणून मी बारा घरांचा कागद करायला लागले. मोठ्या ड्रॉइंग पेपरावर बारा चौकोन, महिन्यांची नावं सणांवरून: पोळ्याचा, दसऱ्याचा, दिवाळीचा, संक्रांतीचा, आखाजीचा. ज्या घरात पैसा येतो तिथं हरभऱ्याचे दाणे ठेवायचे, जातो तिथं तुरीचे. लिहिता न येणारी आजीसुद्धा हे करते आणि सगळ्यात बिनचूक तीच करते. मांडून झालं की प्रत्येक घरी एकच चित्र दिसतं. जून-जुलैच्या चौकोनात तुरीचा ढीग: बियाणं, खत, पेरणी, शाळेच्या वह्या-गणवेश. हरभरा एक नाही. सावकार, कृषी केंद्राची उधारी, हप्त्याची कंपनी, सगळे त्याच खड्ड्यातून घरात शिरतात. मग मी काही बोलत नाही. बाईच दिवाळीच्या चौकोनातले पाच-सहा दाणे उचलून जूनमध्ये ठेवते आणि म्हणते, "इथलं इथं आणलं तर?" हे वाक्य तिच्याच तोंडून यावं लागतं. मी म्हटलं तर ती मान डोलावते आणि दिवाळीत फ्रिज घेते.

शेजारी जांब समर्थ आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. शाई, कागद, बोरूपासून अक्षराच्या वळणापर्यंत. त्या गावाच्या शिवेला लागून राहणारी आम्ही माणसं लिहायला इतकी का भितो, हे मला कळत नाही. एका मावशीनं मला कारण सांगितलं: "लिव्हलं की खरं होतंय, बाई."

तिचं अगदीच चुकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याकडं मी हे प्रत्यक्ष बघितलं. दोघं नवरा-बायको म्हणजे एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून 1,20,000 उचल घेतली होती. किती ऊस तोडला की ती फिटेल, असं विचारलं तर नवरा म्हणाला, "ते मुकादमाच्या वहीत असतंय." मी पाटीवर मांडलं. तोडणीचा दर 2024 पासून टनाला 366. दोघं मिळून दिवसाला दोन टन, आजारपण-पाऊस सोडून 120 दिवस. 240 टन. 87,840 रुपये. बायको बराच वेळ पाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी जायच्या आधीच आपण बत्तीस हजार मागं हाओत."

उचल परत करता येणार नव्हती, ती घराच्या पत्र्यांत आणि दवाखान्यात गेली होती. उचल घेऊच नका, असं सांगणं मला शोभलं नसतं. मी फक्त त्यांच्या पोराची जुनी वही दिली आणि म्हटलं, रोजच्या खेपांचं वजन तुमचं तुम्ही लिहा. हंगाम संपल्यावर ती वही मुकादमाच्या वहीशेजारी ठेवली तेव्हा अकरा टनांचा फरक निघाला. 4,026 रुपये. मुकादमानं कुरकुर केली, पण खेपेगणिक तारीख होती, त्यामुळं दिले. आता ते जोडपं पुढच्या वर्षी उचल ऐंशी हजारांच्या वर घ्यायची नाही म्हणतं. घेतात का नाही ते बघू. मी पैज लावणार नाही.

हिशेब बायकांना कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी म्हसवडची गोष्ट आठवावी. चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायला पहिला अर्ज केला तेव्हा तो रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण अर्जदार बायका अंगठा उठवणाऱ्या. त्या बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याज तोंडी करून दाखवतो, साहेबांनी आमच्याबरोबर करून बघावं. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. आमच्याही बायकांना व्याज कळतं, फक्त समोरचा ते ज्या भाषेत सांगतो ती भाषा लबाड असते. 'बारा टक्के फ्लॅट' घ्या. बारा हजारांचं कर्ज, बारा हप्ते, व्याज 1,440. ऐकायला बारा टक्केच. मी बाईला विचारते, पहिल्या महिन्यात त्यांचे किती पैसे तुमच्याजवळ होते? बारा हजार. शेवटच्या महिन्यात? एक हजार. मग व्याज बाराही महिने बारा हजारांवर कामून? सरासरी साडेसहा हजारच वापरले आणि त्यावर 1,440 म्हणजे बावीस टक्के. हे समजल्यावर एका काकूंनी जी शिवी हासडली ती इथं लिहिता येत नाही.

हप्त्याच्या कंपन्यांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल 2022 पासून बदलले आहेत. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते होता कामा नयेत, आणि वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावायचा नाही. हा दुसरा नियम मी एका वस्तीवर वाचून दाखवला तेव्हा बायका कर्जमाफी झाल्यासारख्या खूश झाल्या. अंधार पडल्यावर अंगणात मोटारसायकल थांबली की काय होतं ते त्यांनाच माहीत.

पण माझ्या मनात कायमचं बसलेलं काम म्हणाल तर ते एका ओळीचं आहे. शेजारच्या गल्लीतल्या एका माणसाला हृदयविकाराचा झटका आला. पन्नाशीच्या आतला माणूस. तेरावं झाल्यावर त्याची बायको खातं बंद करायला काय लागतं म्हणून विचारायला आली. कॅरीबॅग बरोबरच होती. मी पासबुक उघडलं. मेच्या शेवटी एक वजावट होती, 436 रुपये, पुढं इंग्रजी अक्षरं, पीएमजेजेबीवाय. तिला वाटत होतं बँकेनं काही तरी कापलं. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची नोंद होती. आधी 330 होता, जून 2022 पासून 436 झाला. माणूस कुठल्याही कारणानं गेला तरी वारसाला दोन लाख. खातं बंद केलं असतं, पासबुक जमा केलं असतं, तर ती ओळ परत कुणी वाचली असती की नाही कुणास ठाऊक. आम्ही दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार, अर्ज. पैसे आले. ती मला साडी द्यायला आली, मी घेतली नाही. मग तिनं एक पायली ज्वारी दिली, ती घेतली.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिखाण खोटं होईल.

मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख, त्याआधी एक लाखच होता. पतसंस्था किंवा मल्टीस्टेट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. हे मी किमान चाळीस बैठकांत फळ्यावर लिहिलं आहे. आणि माझे स्वतःचे शिलाईचे 80,000 एका मल्टीस्टेटमध्ये होते. जास्त व्याज देत होती आणि एजंट नात्यातला होता. दिवाळीला घरी येऊन पेढे ठेवून जायचा. 2023 मध्ये तिचं शटर खाली आलं ते आलंच. मराठवाड्यात तेव्हा किती घरांत रडारड झाली ते वाचणाऱ्यांना सांगायला नको.

पंधरा दिवस मी कुणाला सांगितलं नाही. सरांना फोन केला. ते आता छत्रपती संभाजीनगरला लेकाकडं असतात. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "ताई, तुम्हाला नियम माहीत होता. तुमच्याशेजारी बसणारं कुणी नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाले, "माझे पण दीड लाख आहेत त्यात."

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं. कुणी हसेल असं वाटलं होतं. एक मावशी म्हणाली, "बरं झालं सांगितलं. माझे बी हायेत, मी मालकाला सांगितलं न्हाई अजून." त्या दिवसापासून माझ्याकडं येणाऱ्या कॅरीबॅगा वाढल्या.

सगळं जमतंच असं नाही. एका काकांच्या लेकीचं लग्न होतं, चार लाखांचं. त्यांनी मला बोलावलं. मी कागद मांडला आणि सामुदायिक विवाहात दीड लाखात कसं होईल ते समजावून सांगितलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "ताई, हिशेब बरोबर हाय तुमचा. पण गावात मला राहायचंय." त्यांनी दोन लाख शेकडा तीननं काढले. आता दोन एकर ठोक्यानं दिले आहेत. माझी चूक मला नंतर समजली. चार लाख कुठून आणावेत, हे त्यांनी विचारलं होतं. चार लाख खर्चावेत का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं, आणि मी उत्तर दिलं ते याचं. सर असते तर त्यांनी आधी वर्षभराची डायरी मागितली असती आणि लग्न एक दिवाळी पुढं ढकललं असतं. चार लाखांचंच, पण कापसानंतरचं.

तरण्या पोरांपुढंही माझी मात्रा चालत नाही. मोबाइलवर ऑप्शनचा खेळ करणारी आठ-दहा पोरं गावात आहेत. त्यांना मी सेबीचा 2024 चा अहवाल सांगते, की तीन वर्षांत शंभरातले त्र्याण्णव तोट्यात गेले. प्रत्येकाला वाटतं आपण उरलेल्या सातांतले.

कुणी विचारतं, ताई, कोणत्या फंडात पैसे घालू? ते मी सांगत नाही. तो सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, माझी नाही. आणि काहीही विकायचं नाही हे मी पहिल्या दिवशी ठरवलं. दोन विमा कंपन्यांची माणसं येऊन गेली. घरोघरी तुमचं येणं-जाणं आहे, एवढी एक पॉलिसी दाखवत चला, कमिशन बघा किती बसतं. बसतं खूप, मी हिशेब केला होता. माझ्या मानधनापेक्षा बरंच जास्त. पण ज्या दिवशी मी ते घेईन त्या दिवशी बायका कॅरीबॅगेतली अर्धी कागदं आधी काढून ठेवतील आणि मग मला पिशवी देतील. मालकाला न सांगितलेली भिशी, माहेरून आलेले पाच हजार, भावाला दिलेले हातउसने, हे सगळं मला दिसतं आणि एका घरातलं दुसऱ्या घरात जात नाही, एवढंच माझं भांडवल.

याचे पैसे कुणी द्यावेत, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मुहूर्त काढून देणाऱ्याला गाव दक्षिणा देतं, बोअरचं पाणी बघणाऱ्याला नारळ आणि हजार देतं, पाणी लागलं नाही तरी देतं. हिशेबाला पैसे द्यायची रीत नाही. मानधन अनियमित येतं. मी अजून ब्लाउज शिवते, आता 150 रुपयांना.

माझी लेक यंदा बारावी झाली. बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह धरून 60,000 कमी पडत होते. बारा घरांच्या कागदावर तिनंच दाणे मांडले आणि तिनंच एकदाणीचं नाव काढलं. बँकेत तोललं तेव्हा साहेब म्हणाले, सोन्याचा भाव बघता दोन लाखांपर्यंत मिळतील, घेऊन टाका. आम्ही साठच घेतले. एकदाणी तिजोरीत आहे, पावती फाइलीत आहे, आणि दिवाळीच्या चौकोनात आठ हरभरे बाजूला काढून ठेवले आहेत.